सांगितलेला वजीर

अकोल्याहून दर्यापूरकडे जाताना रस्त्याच्या बाभळींना दिवाळीनंतर कापूस लागतो. बाहेरच्या माणसांनी हे वाक्य खरं मानून पाठ करू नये. कापूस लागतो तो शेतातल्या पऱ्हाटीलाच. बाभळी नुसत्या वाटेवर उभ्या राहून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांमधला कापूस काट्यांनी ओढून घेतात आणि संक्रांतीपर्यंत मिरवतात. परवा एसटीच्या खिडकीतून ते पांढरे पुंजके दिसले आणि माझ्या तोंडून एकदम निघालं, "वजीर." शेजारच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि खालची पिशवी उचलून मांडीवर घेतली. त्यांची काही चूक नाही. पन्नाशीला टेकलेली, चष्मा लावलेली मास्तरीण एसटीत बसून आपल्याशीच वजीर म्हणाली, तर कोणीही पिशवी सांभाळेल.

हा हंगाम आला की मला कॉलेजातला तो एकच हिवाळा आठवतो. पुढे हिवाळे पुष्कळ आले. त्यांत माझं लग्न झालं, मुलं झाली, अकोल्यात घर झालं, शाळेत भूगोल शिकवता शिकवता केस पांढरे झाले. पण हवेत गारवा आला की मन त्या हिवाळ्यांकडे ढुंकूनही पाहत नाही. ते सरळ उठतं आणि दर्यापूरच्या खरेदी केंद्रापुढच्या बैलगाड्यांच्या रांगेत जाऊन बसतं.

त्या काळी कापूस सरकारी केंद्रावरच विकायचा आणि त्यासाठी रांग लावायची. रांग कसली, गावच ते. गाडीमागे गाडी, गाडीखाली बैल, बैलांपुढे कडबा, आणि जुवाला टांगलेले डबे. रांग कधी पुढे सरकेल ते कोणालाच ठाऊक नसे. माणसं तिथंच जेवत, तिथंच दाढी करत, तिथंच सोयरिकी जमवत. मी शाळा सुटली की बाबांचा डबा घेऊन जायची. ज्वारीची भाकर, झुणका, कांदा आणि मिरचीचा ठेचा. डबा दिला की कापसाने भरलेल्या गाडीवर चढून पसरायचं. कापसाच्या ढिगात दिवसभराचं ऊन साठलेलं असे. वरून थंड वारा आणि पाठीखाली ती ऊब, यापेक्षा मोठी श्रीमंती मी अजून पाहिलेली नाही.

खाली, दोन गाड्यांच्या मधल्या सावलीत, बुद्धिबळ चाले. गोणपाटाच्या बारदान्यावर कोळशाने आखलेला पट. सोंगट्या लाकडी, पण निम्म्या हरवलेल्या. प्याद्यांच्या जागी वाळकी बोंडं आणि एका हत्तीच्या जागी कोणाच्या तरी कुडत्याचं मोठं बटण. बाबा त्या रांगेतले नावाजलेले खेळाडू. एक दिवस त्यांच्यासमोरचा गडी बैल पाजायला उठला आणि बाबा म्हणाले, "बस वं पोट्टे, नुसती पायत काय राह्यतं?" मी बसले. तेव्हापासून जी बसले ती बसलेच.

रांगेतल्या खेळाचा एक कायदा होता. वजिरावर मारा आला की तो तोंडाने सांगायचा. राजाला शह सांगतात तसाच. "वजीर," एवढंच म्हणायचं. न सांगता कोणी वजीर मारला, तर तो मुकाट्याने परत पटावर ठेवायचा, वर चार शिव्या खायच्या. आणि समोरच्याने "वजीर" म्हटलं की ऐकणाऱ्यानेही आधी वजीर उचलायचा, दुसरं काही करायचं नाही. सांगूनही ज्याने ऐकलं नाही त्याला सगळी रांग दिवसभर बहिरा म्हणून हाक मारी. मी सहावीत होते तेव्हापासून हा कायदा माझ्या जिभेत मुरला. हात मारा करायला निघाला की जीभ आपोआप हले. डोळ्यांत धूळ गेली की पापणी मिटते, तिला सांगावं लागत नाही.

पुढे अमरावतीला कॉलेजात गेले. तिथं मुलींच्या बुद्धिबळ संघाला चार जणी लागत होत्या आणि तीनच मिळत होत्या. संघाची कप्तान वैशाली. ती राजापेठेतली, शेवटच्या वर्षाला होती, आणि पुस्तकं वाचून खेळायची. मी बारदान्यावर शिकले हे ऐकून तिने कपाळाला हात लावला. मला घड्याळ दाबायला शिकवलं, खेळ्या लिहायला शिकवल्या, राजाला हत्तीच्या आडोशाला न्यायला शिकवलं. ते सगळं मी पटकन उचललं. पण सरावात मी तिच्या वजिरावर चालून गेले आणि म्हणाले, "वजीर."

वैशालीने हातातलं मोहरं खाली ठेवलं. "अगं, दुश्मनाला सांगून राहिली का तू? पागल आहेस का?"

"सांगावं लागते," मी म्हटलं.

"कोणी सांगितलं?"

शह सांगावा लागतो हे मला जिथे कळलं होतं तिथेच हेही कळलं होतं. वैशालीने खूप उपाय केले. रागावली, चिमटे काढले, शेवटी माझ्या तोंडात लवंग ठेवायला लागली. खेळ संपेपर्यंत ती गालात धरून बसायची आणि तोंड उघडायचं नाही. लवंगेने माझी जीभ बधिर झाली आणि सवय बरीचशी गेली. निदान आम्हा दोघींना तसं वाटलं. अजूनही मसाल्याच्या डब्यात लवंग दिसली की मला अमरावतीच्या त्या कॉलेजचा व्हरांडा दिसतो. पटावर तिरकं ऊन आणि समोर वैशालीचं चिडलेलं तोंड.

त्या वर्षीचा आंतरमहाविद्यालयीन अंतिम सामना अकोल्याला होता. जिंकेल तो संघ विद्यापीठाच्या वतीने इंदूरला जाणार होता आणि हरलेल्या संघातली एक मुलगी राखीव म्हणून सोबत घेणार होते. वैशालीचं ते शेवटचं वर्ष होतं, म्हणजे तिच्यासाठी आत्ता नाहीतर कधीच नाही. माझं इतकंच की अमरावती-अकोल्याच्या पलीकडे मी काही पाहिलं नव्हतं. इंदूर हे नाव मी येता-जाता उगीचच उच्चारून पाहत होते.

माझ्यासमोर आली ती रत्नमाला. तेल्हाऱ्याकडची, अकोल्याला मामाकडे जुन्या शहरात राहून शिकणारी. घट्ट दोन वेण्या, हातात मोठं मर्दानी घड्याळ आणि चेहरा असा की जणू मी तिची गाय चोरली आहे. तिने माझ्याशी हात मिळवला तेव्हा तिचा तळवा खरखरीत लागला. बोटांच्या टोकांवर बोंडांनी ओरखडलेल्या बारीक रेघा होत्या. कापूस वेचणाऱ्या हातांवर असतात त्या मला लगेच ओळखू आल्या, कारण त्या माझ्याही हातावर होत्या.

डाव लांबला. बाकीचे तीन पट उरकले. वैशाली जिंकली, दुसरी हरली, तिसरीची बरोबरी झाली. उरला आमचा पट. मी जिंकले तर आम्ही इंदूरला, ती जिंकली तर त्या. हॉलमधली सगळी माणसं आमच्याभोवती गोळा झाली. मी राजा कोपऱ्याजवळ दडवून बसले होते आणि रत्नमालाचा घोडा आणि हत्ती माझ्या दाराशी येऊन ठेपले होते. पण त्या धांदलीत तिचा वजीर मोकळ्या पट्टीवर उघडा राहिला होता. मध्ये फक्त माझाच उंट होता, त्याच्यामागे माझा हत्ती. मी उंट बाजूला घेतला. हत्तीची वाट मोकळी झाली. मी घड्याळ दाबलं. गालातली लवंग मी केव्हाच चावून गिळली होती.

"वजीर," माझी जीभ म्हणाली.

रत्नमालाचा हात घोड्याच्या दिशेने निघाला होता. तो हवेतच वळला आणि तिने वजीर उचलला. उचलला तेव्हा तिच्या चेहऱ्यावर विचार म्हणून काही नव्हता. वजीर सुरक्षित घरात ठेवल्यावर तिने मान वर केली आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

काय झालं ते मला कळलंच नाही. पंच धावत आले, मला बोलल्याबद्दल ताकीद दिली, रत्नमालाच्या घड्याळात वेळ वाढवून दिला. वैशालीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. मी घास समोरच्याच्या ताटात वाढला असंच तिला वाटत होतं. पण माझ्या पुढच्या खेळीत, मला न कळताच, तिच्या घोड्याची वाट बंद झाली आणि रत्नमाला त्यानंतर पूर्वीसारखी खेळलीच नाही. तिचा मारा विसकटला, मला मोहऱ्यांची अदलाबदल करायला फुरसत मिळाली, माझं एक प्यादं जास्त राहिलं आणि ते हळूहळू चालत शेवटच्या घरात पोचलं. मी जिंकले. वैशालीने मला उचलूनच घेतलं.

हात-तोंड धुवायला मी नळावर गेले तर रत्नमाला तिथेच उभी होती. नळ चालू होता आणि ती हात धूत नव्हती.

"कावून बोलली वं तू?" तिने विचारलं.

"सवय हाय. आमच्याकडे सांगतात."

"सांगतात ते मले माईत हाय. आमच्या गाड्याईवर बी सांगतात." तिने नळाच्या ओल्या कट्ट्यावर बोटाने पट आखला. "मी घोड्यानं शह देत होती. राजा कोपऱ्यात जाता, मंग हत्तीनं मात. दोन खेयीत. तुया हत्तीले माया वजिरापावतर यायले टाइमच नोता. अन् तू बरोबर तवाच वजीर म्हनलं. तुले माईत होतं का वजीर म्हनलं की माया हात तिकडंच जाईन."

मला खरोखर काही माहीत नव्हतं. ती मात मला दिसलीच नव्हती, आता ती सांगत होती तेव्हा पहिल्यांदा दिसत होती. मी म्हटलं, शपथ. ती म्हणाली, "हारनाऱ्यापुढं शपथ घ्याले काय जाते?" नळ बंद करून ती निघून गेली.

गंमत पाहा. सगळ्या हॉलमध्ये माझं बोलणं समजणारी ती एकटीच होती. आणि तिलाच पटत नव्हतं. बाकी सगळ्यांनी माझं कौतुक केलं. एक प्राध्यापक तर म्हणाले, पोरगी भारी चतुर आहे. चतुर म्हटल्याचं इतकं वाईट मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं. मूर्ख म्हणाले असते तर मी त्यांच्या पाया पडले असते.

सुट्टीत दर्यापूरला गेले ती डबा घेऊन सरळ रांगेत. बाबांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं बाबा म्हणतील, बाई, तू धर्म पाळला, आता लोक काही का म्हणेनात. मी तेवढ्यासाठीच गेले होते. बाबांनी भाकरीचा तुकडा ठेच्यात बुडवला आणि म्हणाले, "अवं येडे, तो कायदा गाड्याईचा. तो हाफिसरायच्या खेयात कायले घेऊन गेली?"

"म्हणजे?"

"म्हंजे काय? न सांगता वजीर मारला का भांडन व्हये. भांडन झालं का मारामारी. मारामारी झाली का शिपाई येऊन दोघाच्याई गाड्या काढून देये मांगं. नंबर जाये. म्हनून सांगाचं. धरम-बिरम काई नाई त्यात."

शेजारच्या गाडीवाल्याने मान डोलावली. मी गाडीवर चढून कापसात तोंड खुपसून पडले. इतकी वर्षं मी ज्याला मोठेपणा समजत होते तो निव्वळ नंबर टिकवण्याचा हिशेब निघाला. त्या दिवशी मला बाबांचा फार राग आला होता. आता येत नाही. माणसं चांगुलपणा करायला म्हणून थोडीच एकत्र बसतात? एकमेकांशेजारी दिवस काढायचे असतात, भांडण परवडत नाही, म्हणून जरा सांगून वागतात. मग ते सांगणं पोरांच्या जिभेवर उरतं आणि पोरं त्याला सद्गुण समजतात. समजू द्यावं.

बाबा आता नाहीत आणि रांगही नाही. व्यापाऱ्यांचे टेम्पो शेतातूनच कापूस नेतात, आणि केंद्रासमोरच्या मोकळ्या जागेत मोबाईलची दुकानं झाली आहेत. मी रात्रीची भांडी आवरून मोबाईलवर बुद्धिबळ खेळते. समोर कोण असतं देव जाणे. तो न सांगता वजीर मारतो आणि परत ठेवत नाही. मी स्वयंपाकघरात एकटीच त्याला चार शिव्या घालते, त्याही वऱ्हाडीत. आतल्या खोलीतून मुलगा विचारतो, "आई, कोणाशी बोलून राहिली?"

त्याच हिवाळ्यात इंदूरला आम्ही अकोल्याहून छोट्या लाईनच्या गाडीने गेलो. ती लाईन आता बंद आहे. त्या गाडीला घाई नावाची चीज माहीत नव्हती. अकोट गेलं, आडगाव गेलं, दोन्ही बाजूंना पांढरी शेतं, त्यांत वाकलेल्या बाया, आणि पुढे सातपुड्याची निळी रेघ जाड होत चाललेली. संघासोबतच्या मॅडम शेजारच्या डब्यात होत्या. राखीव खेळाडू म्हणून रत्नमाला सोबत होती. ती खिडकीशी बसली होती आणि माझ्याकडे पाठ होती. वैशालीने पत्ते काढले, ती खेळली नाही. मी शेंगदाणे पुढे केले, तिने घेतले नाहीत.

हिवरखेडच्या स्टेशनात तिचे बाबा उभे होते. धोतर, डोक्यावर मफलर, हातात संत्र्यांची थैली. ती त्यांनी खिडकीतून आत दिली आणि आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवली.

"याईच्यातली ते वजीरवाली कोनती वं?"

मी जागेवरच आक्रसले. रत्नमालाने बोट दाखवलं. म्हाताऱ्याने मला नीट न्याहाळलं आणि दात नसलेलं हसू हसला. "माया घरी दोन दिस जेवली नाई ते. मी म्हनलं, अवं, सवयीनं म्हनलं असन. ते म्हने नाई, लबाड हाय." गाडी हलली. तो खिडकीबरोबर चालत ओरडला, "संत्रं दे वं तिले!"

रत्नमालाने सगळ्यांना संत्री दिली. मला दिलं नाही.

धूळघाटापाशी ती गाडी डोंगरात स्वतःभोवतीच वळसा घेते. आपण मघाशी जिथून आलो ते रूळ खाली दिसतात. सगळ्या मुली दाराशी धावल्या. डब्यात आम्ही दोघीच उरलो. मी हिय्या करून म्हटलं, "माझ्या पटावर तू खेळ. मी मॅडमना सांगते, पोट दुखते म्हणून."

"तुयं दान नको मले," ती म्हणाली. तेवढंच. आणि उठून दाराशी, बाकीच्या मुलींत जाऊन उभी राहिली.

इंदूरची थंडी कोरडी आणि हॉल केवढा तरी मोठा. इतके पट एका ठिकाणी मी जन्मात पाहिले नव्हते. इतक्या मुली आणि आवाज फक्त घड्याळांचा. पहिल्याच फेरीत माझ्यासमोर तिकडचीच एक गोरीपान मुलगी आली. ती भराभर खेळत होती आणि माझ्या स्वेटरकडे पाहत होती. स्वेटर आईने विणलेला होता आणि त्याची एक बाही लांब होती, हे मला मान्य आहे. राखीव खेळाडूला काम नसतं, म्हणून रत्नमाला पटांमधून फिरत होती. फिरत फिरत ती माझ्या मागे येऊन उभी राहिली. मला न पाहताही कळलं.

डाव माझ्या बाजूने चालला होता. त्या मुलीने गाफीलपणे वजीर अशा घरात आणला की माझा घोडा एका उडीत त्याच्यावर आणि तिच्या हत्तीवर एकदम येत होता. तिचं लक्ष पलीकडच्या पटावरच्या मैत्रिणीकडे होतं, दोघींचं काहीतरी खुणांनी चाललं होतं, आणि तिला हातातली खेळी टाकून मोकळं व्हायचं होतं. मी घोडा ठेवला, घड्याळ दाबलं. मी गप्प राहिले असते तर तिने प्यादं ढकललं असतं. तिचं बोट प्याद्याच्या डोक्यावर टेकायला आलंच होतं. मी दात आवळून बसले. खरंच आवळले होते.

"वजीर," मी म्हणाले.

मुलगी दचकली. हात मागे घेतला. पटाकडे नीट पाहिलं. वजीर उचलला आणि अशा जागी नेऊन ठेवला की हत्तीही वाचला आणि माझ्या राजाला शहही बसला. "थँक्यू," ती हळूच म्हणाली, आणि तिने ते अगदी मनापासून म्हटलं. त्या शहातून मी काही सावरले नाही. घोडा गेला, मग डाव गेला.

पण तो जायच्या आधी, ती वजीर ठेवत होती त्याच क्षणी, माझ्या मागे खिंकाळल्यासारखा आवाज आला. रत्नमाला हसत होती. तोंडावर ओढणी दाबून, कमरेत वाकून, खांदे गदागदा हलवत हसत होती. सगळ्या हॉलने माना वळवल्या. पंच आले, त्यांनी मला ताकीद दिली आणि तिला बाहेर जायला सांगितलं. दारापर्यंत जाताना ती दोनदा भिंतीला टेकली.

मी हरून बाहेर आले तर ती पायऱ्यांवर उन्हात बसली होती. डोळे पुसत होती. शेजारी संत्र्यांची थैली. मी तिच्यापासून जरा लांबच बसले.

"हारली?" तिने विचारलं.

"हारली."

तिने थैलीतून एक संत्रं काढलं, सोललं, सालं ओढणीत ठेवली आणि अर्धं माझ्यापुढे धरलं.

"लबाड असती त जितली असती वं तू," ती म्हणाली.

मला एकदम हुंदका आला. इतक्या दिवसांचा तो कुठे अडकून बसला होता कोण जाणे. ती माझ्याजवळ सरकली, खरखरीत हाताने माझी पाठ चोळायला लागली आणि चोळता चोळता पुन्हा हसायला लागली, मग मीही रडता रडता हसायला लागले. तेवढ्यात वैशाली आपला डाव जिंकून बाहेर आली. मी हरले म्हणून रडते आहे असं तिला वाटलं. ती खाली बसली, माझे हात हातात घेतले आणि हरण्या-जिंकण्यात काही नसतं असं मला खूप वेळ समजावत राहिली. आम्ही दोघींनी तिला समजावू दिलं.